एसीचा सेन्सर बिघडला आहे का, हे घरच्या घरी कसे तपासावे

भर उन्हाळ्यात एसी नीट चालेनासा झाला की घरी आलेल्या मेकॅनिककडून बहुतेक वेळा दोनपैकी एक निदान ऐकायला मिळते: ‘गॅस कमी झालाय’ किंवा ‘कार्ड (म्हणजे एसी चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) गेलंय’. हे दोन्ही बिघाड खरोखर होतात आणि दोन्हींचा खर्च हजारांच्या घरात जातो. मात्र या दोघांची हुबेहूब नक्कल करणारा एक तिसरा बिघाड आहे, तो अतिशय स्वस्तात दुरुस्त होतो आणि नेमका तोच तपासायचा राहून जातो. तो म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाड. हा लेख भिंतीवरच्या साध्या स्प्लिट एसीविषयी आहे, मग तो जुन्या पद्धतीचा असो वा इन्व्हर्टर, आणि ज्यांनी एसीचे झाकण आजवर कधी उघडलेले नाही अशांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

सेन्सर नेमका कुठे असतो आणि काय करतो

खोलीतल्या, म्हणजे इनडोअर युनिटमध्ये साधारणतः दोन सेन्सर असतात. पहिला खोलीच्या हवेचा. तो फिल्टरच्या जाळीमागे, कॉइलच्या (म्हणजे हवा गार करणाऱ्या, पातळ पत्र्यांत बसवलेल्या नळ्यांच्या) पुढे, एका प्लास्टिकच्या खाचेत अडकवलेला असतो. दिसायला तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा काळा थेंब असतो आणि त्यातून दोन बारीक तारा निघालेल्या असतात. दुसरा कॉइलचा. तो बोटाच्या पेराएवढ्या तांब्याच्या टोपणात बसवलेला असतो आणि ते टोपण कॉइलच्या नळीला डाख देऊन जोडलेल्या छोट्या तांब्याच्या खिशात खोचलेले असते. पहिला सेन्सर ‘खोली किती गरम आहे’ हे सांगतो, दुसरा ‘कॉइल किती गार झाली आहे’ हे सांगतो.

दोन्हींच्या पोटात एकच वस्तू असते, तिचे नाव थर्मिस्टर. तापमान वाढले की तिचा विद्युतरोध कमी होतो आणि तापमान उतरले की रोध वाढतो. घरगुती एसींमध्ये २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम रोध देणारा थर्मिस्टर फार प्रचलित आहे, काही कंपन्या ५, १५ किंवा २० किलोओहमचेही वापरतात. एसीचे कार्ड, म्हणजे पीसीबी, या थर्मिस्टरसोबत एक ठरावीक रोध जोडून त्यावरचा व्होल्टेज मोजते आणि त्यावरून तापमान ठरवते. कार्डाला खोली दिसत नाही, त्याला फक्त हा व्होल्टेज दिसतो. त्यामुळे सेन्सरने जे सांगितले ते कार्डाच्या लेखी ब्रह्मवाक्य असते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि तिच्यावर पुढचे सारे निदान उभे आहे. सेन्सरची तार तुटली की रोध अमर्याद होतो आणि कार्डाला खोली अतिशय थंड असल्याचे दिसते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की रोध शून्यावर येतो आणि खोली भट्टीसारखी तापल्याचे दिसते. या दोन्ही गोष्टी अशक्यप्राय असल्यामुळे कार्ड त्या ओळखते आणि एरर कोड दाखवते. पण सेन्सर पुरता मेला नसेल, केवळ चुकीचे सांगत असेल, तर कार्डाला संशय येण्याचे कारणच नसते. अशा वेळी कोणताही कोड येत नाही, दिवे नेहमीसारखे लागतात, आणि एसी मनोभावे चुकीचे काम करत राहतो. नवख्या माणसाची, आणि घाईत असलेल्या मेकॅनिकचीही, फसगत होते ती इथे.

लक्षणे कशी वाचावीत

सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा: आउटडोअर युनिटमधला कॉम्प्रेसर चालू असताना खोलीत येणारी हवा चांगली गार असते का? कॉम्प्रेसर चालू असताना हवा बर्फासारखी येत असेल, पण खोली पुरेशी थंड होण्याआधीच कॉम्प्रेसर बंद पडत असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता फार थोडी. गॅस कमी झालेल्या एसीचा कॉम्प्रेसर सहसा थांबत नाही, तो चालतच राहतो आणि तरीही हवा कोमटच येते. उलट खोलीचा सेन्सर ‘खोली गार झाली’ असे खोटेच सांगू लागला, की चांगला गार करणारा एसी मध्येच काम थांबवतो. इन्व्हर्टर एसीमध्ये हेच जरा लपून होते. तिथे कॉम्प्रेसर थांबण्याऐवजी मंदावतो, त्यामुळे हवा सौम्य लागते आणि ‘पूर्वीसारखी थंडी पडत नाही’ एवढीच तक्रार उरते.

याच्या उलट बाजूचे लक्षणही असते. सेन्सर खोली आहे त्यापेक्षा गरम सांगत असेल, तर एसी थांबायचे नाव घेत नाही. २६ वर लावून झोपलेली माणसे पहाटे गोधड्या शोधतात आणि महिन्याअखेरीस विजेचे बिल पाहून चकित होतात. सेन्सरच्या जोडणीत ओल शिरली की असे हमखास घडते, कारण ओलीतून थोडा प्रवाह बाजूने वाहतो, एकूण रोध घटतो आणि कार्ड त्याचा अर्थ ‘गरम’ असा लावते. सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने पाण्याचा जेट मारून कॉइल धुतली आणि त्याच रात्री एसी वेड्यासारखा वागू लागला, तर आधी हाच संशय घ्यावा. एखादा दिवस केवळ पंखा चालवून आतला भाग सुकू दिल्यास काही वेळा दोष आपोआप नाहीसा होतो.

कॉइलच्या सेन्सरची लक्षणे वेगळी असतात. त्याचे मुख्य काम कॉइल गोठू न देणे. कॉइलचे तापमान शून्याच्या आसपास जाऊन काही मिनिटे तिथेच राहिले, की कार्ड कॉम्प्रेसर थांबवते. हा सेन्सर आपल्या तांब्याच्या खिशातून निसटून हवेत लोंबत राहिला, तर तो कॉइलऐवजी हवेचे तापमान सांगतो. कॉइल गोठू लागल्याचे कार्डाला कळतच नाही, बर्फाचा थर चढतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून भिंतीवरून पाणी वाहू लागते. काही मॉडेलांत आणखी एक घोटाळा होतो. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर ठरावीक मिनिटांत कॉइल गार झाली नाही, तर ‘गॅस गळाला’ असा निष्कर्ष कार्ड स्वतःच काढते. अशा वेळी निसटलेल्या सेन्सरमुळे खुद्द यंत्रच गॅस कमी असल्याचे सांगते. मग मेकॅनिकला तरी दोष काय द्यायचा. अर्थात बर्फ दिसला म्हणजे सेन्सरच गेला असे नव्हे. तुंबलेला फिल्टर आणि खरोखर कमी झालेला गॅस ही बर्फाची अधिक नेहमीची कारणे आहेत.

आमच्या घरी घडलेला प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. शयनगृहातला दीड टनाचा जुना एसी २४ वर लावला की आउटडोअर सुरूच होईना, आणि १८ वर लावला की सुरू होई, पण खोली २३ च्या आसपास आली की बंद पडे. आलेल्या मेकॅनिकने पाइपला हात लावून ‘गॅस भरावा लागेल’ असे सांगितले. मला खटकले ते एवढेच की चालू असताना हवा उत्तम गार येत होती. मी टेबलावरचे थर्मामीटर एसीच्या फिल्टरपाशी टांगले, तर खोली ३० वर असतानाही एसी हलायला तयार नव्हता. झाकण उघडून पाहिले तेव्हा सेन्सर ठणठणीत होता. पण कार्डावरच्या त्याच्या कनेक्टरची एक पिन पितळेचे भांडे कळकावे तशी हिरवी पडली होती. त्या कळकामुळे वाटेत सुमारे ३ किलोओहमचा जास्तीचा रोध आला होता. ३० अंशांना सेन्सरचा रोध साधारण ८ किलोओहम. त्यात ३ मिळवले की ११, आणि ११ किलोओहमचा अर्थ कार्डाच्या हिशेबी सुमारे २३ अंश. २४ वर लावलेला एसी मग सुरू होणार तरी कसा? पिन घासून साफ केली आणि काम झाले.

झाकण उघडण्यापूर्वी

काही गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण बिघाड नसतात. त्या आधी वगळाव्यात. बंद झालेला कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला साधारण तीन मिनिटे घेतो, ती त्याची संरक्षण व्यवस्था आहे. तेव्हा रिमोट दाबून लगेच ‘चालत नाही’ असे ठरवू नये. वीज जाऊन आल्यावर किंवा एसी नव्याने सुरू केल्यावर आकडा २४ वर आलेला दिसला तर घाबरू नये, कारण १ जानेवारी २०२० पासून भारतातल्या स्टार लेबल असलेल्या घरगुती एसींमध्ये मूळ तापमान २४ अंशच ठेवलेले असते. फिल्टर धुऊन पाहावा. एसी चुकून ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ मोडवर तर नाही ना, हे पाहावे.

आणि रिमोट पाहावा. अनेक रिमोटांमध्येच एक तापमानाचा सेन्सर असतो. ‘फॉलो मी’ किंवा ‘आय फील’ नावाची सोय सुरू असेल, तर एसी आपल्या आतल्या सेन्सरकडे दुर्लक्ष करतो आणि रिमोट जिथे पडला आहे तिथले तापमान खरे मानतो. रिमोट उशीखाली असेल तर एसी थांबत नाही, एसीच्या झोतात टेबलावर असेल तर लवकर थांबतो. ही सोय बंद करून एक रात्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बरेच तथाकथित सेन्सरदोष इथेच संपतात.

एसीवर कोड दिसत असेल तर तो लिहून घ्यावा, पण त्याचा अर्थ आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच लावावा. एकाच कोडाचा अर्थ दोन कंपन्यांत पूर्णपणे वेगळा असू शकतो. उदाहरणादाखल, डायकिनमध्ये ‘सी४’ म्हणजे इनडोअर कॉइलचा सेन्सर आणि ‘सी९’ म्हणजे खोलीच्या हवेचा. तेच एलजीच्या स्प्लिट एसीमध्ये ‘सीएच०१’ हा हवेच्या आणि ‘सीएच०२’ हा कॉइलच्या नळीच्या सेन्सरशी संबंधित असतो. ज्या एसींवर आकडे दाखवणारा पडदा नाही, त्यांच्यात एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. त्याची मोजणी दोनतीनदा करावी. एकदा मोजून भागत नाही, चूक होते.

एसी अजून वॉरंटीत असेल, तर इथेच थांबून कंपनीला फोन करावा. उघडलेल्या यंत्राची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

विजेबाबत

रिमोटने एसी बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. एसीचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा त्याचा मुख्य स्विच) खाली पाडावा, प्लग असेल तर तो काढून ठेवावा, आणि घरात आणखी कोणी असेल तर त्यांना ‘एमसीबीला हात लावू नका’ असे बजावून सांगावे. सेन्सरच्या तारांवर फक्त ५ व्होल्ट असतात हे खरे असले, तरी काही कार्डांमध्ये हा कमी दाबाचा भाग घरच्या २३० व्होल्टांपासून पूर्ण वेगळा केलेला नसतो. त्यामुळे वीज चालू असताना सेन्सरला, त्याच्या तारांना किंवा कनेक्टरला हात लावू नये. खाली सांगितलेली सगळी मोजमापे वीज बंद करून आणि सेन्सर कार्डापासून सोडवूनच करायची आहेत. उंच टेबलावर खुर्ची ठेवून त्यावर चढू नये, नीट घडीची शिडी घ्यावी. हे सांगायला साधे वाटते, पण या कामात झटक्यापेक्षा पडण्याचीच भीती अधिक.

उघडणे

पुढचे झाकण दोन्ही बाजूंच्या खाचांत बोटे घालून वर उचलावे. फिल्टर काढावेत. इथेच, काहीही न उघडता, टॉर्च मारून खोलीचा सेन्सर बहुधा दिसतो. तो खाचेत आहे ना, कॉइलच्या पत्र्यांना टेकलेला तर नाही ना, त्यावर धुळीचा लोकरीसारखा थर तर बसलेला नाही ना, हे पाहावे. कॉइलला चिकटलेला हवेचा सेन्सर खोलीऐवजी कॉइलचा गारवा मोजतो आणि एसी पाच-दहा मिनिटांत थांबतो. हा दोष असला तर त्याला खाचेत परत बसवणे एवढीच दुरुस्ती. मल्टिमीटर, म्हणजे रोध मोजणारे मीटर, काढण्याचीही गरज नाही.

पुढे जायचे तर बाहेरची चौकट काढावी लागते. खालच्या बाजूला, बहुधा छोट्या प्लास्टिकच्या टोपणांखाली, दोन ते चार स्क्रू असतात. स्क्रू काढल्यावर चौकट खालून थोडी पुढे ओढून वर उचलली की वरच्या कड्या सुटतात. जोर लावू नये, जुने प्लास्टिक कडकन तुटते. उजव्या बाजूला विजेचा डबा असतो, त्याचे झाकण काढल्यावर कार्ड दिसते. कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर तीनचार कोनांतून फोटो काढावेत. परत जोडताना याच फोटोंचा आधार असतो.

कार्डावर सेन्सरचे दोन तारांचे छोटे कनेक्टर असतात आणि त्यांच्याजवळ बहुधा ‘रूम’, ‘पाइप’ किंवा ‘ट्यूब’ अशी इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. कनेक्टर त्याच्या प्लास्टिकच्या अंगाला धरून काढावा, तारा ओढून नव्हे. काहींना गरम डिंक लावलेला असतो, तो नखाने हळूहळू सोडवावा.

पिना बारकाईने पाहाव्यात. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात आणि एकूणच खाडीच्या किंवा नाल्याच्या जवळ राहणाऱ्यांच्या एसीत सेन्सरपेक्षा कनेक्टरच आधी खराब होतो, असे माझे मत झाले आहे. हिरवट किंवा पांढरट थर दिसला, तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून मऊ ब्रशने घासावे, सुकू द्यावे, आणि कनेक्टर चारपाच वेळा काढून घालावा. कार्डावर मुंग्यांची माती, पालीची विष्ठा किंवा मेलेली पाल सापडली तर आश्चर्य मानू नये. ते सारे कोरड्या ब्रशने साफ करावे.

मोजणे

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. तो ओहमच्या २० के या टप्प्यावर लावावा. प्रोब, म्हणजे मीटरच्या तारांच्या टोकदार सुया, कनेक्टरच्या दोन टोकांना लावावेत. थर्मिस्टरला उलटे-सुलटे नसते, कोणताही प्रोब कुठेही चालतो. दोन्ही धातूची टोके बोटांनी दाबून धरू नयेत, कारण मग अंगाचा रोधही त्यात मिसळतो.

मापाचा अर्थ लावायला खोलीचे खरे तापमान माहीत हवे, म्हणून शेजारी थर्मामीटर ठेवावे. १० किलोओहमच्या प्रचलित सेन्सरसाठी साधारण आकडे असे आहेत: शून्य अंशाला ३३, १० अंशांना २०, २० अंशांना १२.५, २५ अंशांना १०, ३० अंशांना ८, ३५ अंशांना ६.५ आणि ४० अंशांना ५.३ किलोओहम. ५ किलोओहमचा सेन्सर असेल तर हे आकडे जवळपास निम्मे धरावेत. थोडा इकडचा-तिकडचा फरक चालतो. ३० अंशांच्या खोलीत ७.८ आले म्हणून सेन्सर फेकू नये. पण १२ किंवा ४ आले तर तो खोटे बोलतो आहे. मीटरवर डावीकडे नुसता ‘१’ किंवा ‘ओएल’ दिसला तर टप्पा वाढवून पाहावा, आणि तरीही तेच राहिले तर आत तार तुटली आहे असे समजावे.

आपल्या एसीत किती किलोओहमचा सेन्सर आहे हे ठाऊक नसेल, तर दोन सेन्सरांची तुलना करावी. ही युक्ती मला सर्वांत भरवशाची वाटते. एसी किमान तीनचार तास बंद ठेवावा, म्हणजे कॉइल आणि हवा एकाच तापमानाला येतात. अनेक मॉडेलांत दोन्ही सेन्सर एकाच मापाचे असतात, तेव्हा दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एक ८.१ आणि दुसरा १३ दाखवत असेल, तर थर्मामीटरशी न जुळणारा गुन्हेगार उघड आहे. मात्र एक आकडा दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट वाटला, तर ते दोन वेगवेगळ्या मापांचे चांगले सेन्सरही असू शकतात. पुढची चाचणी केल्याशिवाय निकाल देऊ नये.

पुढची चाचणी म्हणजे हलवून पाहणे. प्रोब लावलेलेच ठेवून सेन्सरचे डोके मुठीत धरावे. आकडा संथपणे, न अडखळता, उतरत गेला पाहिजे. मग मीटरचा टप्पा २० के वरून वाढवून बर्फ घातलेल्या पाण्याच्या पेल्यात केवळ डोके बुडवावे. तो तितक्याच संथपणे चढला पाहिजे आणि १० किलोओहमचा असेल तर ३३ च्या आसपास स्थिरावला पाहिजे. आकडा मध्येच उडी मारत असेल, ‘ओएल’ होऊन परत येत असेल, किंवा जागचा हलतच नसेल, तर सेन्सर बदलावा. शेवटी तार डोक्यापाशी आणि कनेक्टरपाशी हलकेच वाकवून पाहावी. रात्री नीट आणि दुपारी बिघडलेला असे वागणारे सेन्सर बहुधा इथे पकडले जातात.

सेन्सर चांगला निघाला तर

मग संशय कार्डाकडे वळतो. परंतु त्याच्यावर शिक्का मारण्याआधी दोनतीन रुपयांची एक कसोटी करता येते. सेन्सर १० किलोओहमचा आहे याची खात्री असेल, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० किलोओहमचा साधा रेझिस्टर आणावा, त्यावर तपकिरी, काळा आणि केशरी असे पट्टे असतात. वीज बंद असताना खोलीच्या सेन्सरच्या जागी तो घट्ट बसेल असा जोडावा, झाकणे बंद करावीत, आणि मगच एमसीबी वर करावा. आता कार्डाला खोली कायम २५ अंशांवर असल्याचे दिसणार. एसी १८ वर लावला की कॉम्प्रेसर सुरू झाला पाहिजे, २८ वर लावला की थांबला पाहिजे. असे घडले तर कार्ड निर्दोष आहे आणि दोष सेन्सर, तार किंवा कनेक्टर यांच्यातच आहे. नेमका रेझिस्टर लावूनही सेन्सरचाच कोड येत राहिला, तर कार्डातला तो भाग खरोखर गेला आहे, आणि मेकॅनिकशी आता पुराव्यानिशी बोलता येईल.

ही केवळ दहा-पंधरा मिनिटांची चाचणी आहे. रेझिस्टर लावून एसी रोज चालवू नये. कॉइलच्या सेन्सरच्या जागी तर तो कधीच ठेवू नये, कारण गोठण्यापासूनचे संरक्षण नाहीसे होते आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरपर्यंत परत जाऊन कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो. काही मेकॅनिक ‘सध्या चालवा’ म्हणून असे जुगाड करून जातात. ते काढायला लावावे.

नवा सेन्सर बसवणे

जुना सेन्सर नमुना म्हणून सोबत न्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत असे सुटे भाग मिळतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून घेतला तर थोडा महाग पडतो, पण माप चुकत नाही. माप चुकणे मात्र महागात पडते. ५ च्या जागी १० किलोओहमचा लावला, तर २५ अंशांची खोली कार्डाला १० अंशांची वाटते आणि एसी सुरूच होत नाही. १० च्या जागी ५ चा लावला, तर तीच खोली ४१ अंशांची वाटते आणि एसी थांबतच नाही. कनेक्टरचा आकार, तारेची लांबी आणि डोक्याचा प्रकार, म्हणजे काळा थेंब की तांब्याचे टोपण, हेही जुळवून पाहावे.

कॉइलचा सेन्सर बदलताना खिशात एक छोटी वाकवलेली पत्र्याची पट्टी असते, ती जपून ठेवावी. टोपण खिशाच्या भिंतीला घट्ट टेकवून ठेवण्याचे काम तीच करते, आणि नेमकी तीच हरवल्यामुळे नवा सेन्सरही ‘खराब’ निघतो. तार जोडावी लागलीच, तर पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळू नये. एसीच्या ओलसर पोटात असा जोड एका पावसाळ्यात कळकतो. डाख देऊन वर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवावी. कार्डाकडे जाणाऱ्या तारेला कनेक्टरच्या अलीकडे खाली थोडा झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडते.

आउटडोअरचे सेन्सर

इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर युनिटमध्येही बाहेरच्या हवेचा, कंडेन्सर कॉइलचा आणि कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम नळीचा असे सेन्सर असतात. त्यांचे दोषही याच पद्धतीने तपासले जातात, त्यांच्या तारा उंदीर कुरतडतात हेही खरे. पण नवख्याने तिथे हात घालू नये. वीज बंद केल्यानंतरही त्या कार्डावरच्या कॅपॅसिटरांमध्ये ३०० व्होल्टांच्या आसपासचा दाब काही मिनिटे टिकून असतो, आर-३२ आणि आर-२९० हे हल्लीचे गॅस ज्वलनशील आहेत, आणि युनिट बहुधा खिडकीबाहेर लोखंडी कोनावर टांगलेले असते. कोड आउटडोअरच्या सेन्सरचा असेल, तर तो लिहून मेकॅनिकला दाखवावा आणि त्याच्याकडून सेन्सरचा रोध आपल्यासमोर मोजून घ्यावा.

जोडून झाल्यावर

सर्व झाकणे लावून झाल्यावर एसी १८ वर लावावा आणि वीस मिनिटे चालू द्यावा. फिल्टरपाशी आत जाणाऱ्या आणि खाली बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान थर्मामीटरने घ्यावे; दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक दिसला तर गॅस आणि कॉइल यांची तक्रार नाही. त्यानंतर एसी खोलीच्या तापमानापेक्षा दोन अंश वर लावावा. काही मिनिटांत कॉम्प्रेसर थांबला पाहिजे, इन्व्हर्टर असेल तर आवाज स्पष्टपणे मंदावला पाहिजे. पुन्हा खाली आणल्यावर तीनेक मिनिटांनी तो सुरू झाला पाहिजे. हे दोनदा करून पाहावे. मग पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून तीवर तारीख, खोलीचे तापमान आणि दोन्ही सेन्सरांचे मोजलेले आकडे लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी कोणी ‘गॅस गेलाय’ म्हणाले, की त्याच्यासमोर सेन्सर पुन्हा मोजून त्या पट्टीशी ताडून पाहता येतो.